कुलूपबंद घरातलं पाणी

दाराला कुलूप, चुलीत राख नाही, घरातली सगळी माणसं शंभर कोसांवर उसाच्या फडात. मग त्या घरात महिन्याला सव्वासहा हजार लिटर पाणी प्यालं कोणी? सांगा. डोकं खाजवू नका, नीट सांगा. कारण हाच सवाल धारपिंपरीच्या नगरपंचायतीनं एका साठीतल्या बाईला केला, आणि त्याचा जवाब देता देता ती बाईच गुन्हेगार ठरली.

बाईचं नाव केशरबाई. माहेर झरीचं. लग्न होऊन ती धारपिंपरीत आली ती टेकावरच्या गल्लीत. म्हणजे गाव जिथं चढतं आणि नगरपंचायतीचं लक्ष जिथं उतरतं, तिथं. सव्वीस हंगाम तिनं ऊस तोडला. सत्ताविसाव्याला डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढताना फळी सरकली. केशरबाई खाली आणि मोळी तिच्यावर. कमरेत जे मोडलं ते कुणी नीट जोडलं नाही. मुकादमानं एस.टी.त बसवून दिलं, "पुढच्या साली बघू" म्हणाला आणि पुढच्या साली ओळख विसरला. नवरा सुग्रीव त्यानंतर एकच हंगाम एकटा गेला. फडातच छातीत कळ येऊन संपला. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून अकरा वर्षं दसरा झाला की गल्ली रिकामी होते, आणि केशरबाई वाकळा शिवत मागं राहते.

मागं राहते म्हणजे रिकामी बसते असं कुणी समजू नये. अकरा घरांच्या किल्ल्या तिच्याकडं. तिला अक्षरं येत नाहीत, म्हणून प्रत्येक किल्लीला त्या त्या घरातल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. निळी चिंधी सुकेशनीची, पिवळ्या ठिपक्यांची दगडाबाईची, अशा अकरा. दर अमावस्येला ती एकेक घर उघडायची, झाडायची, कुठं देवापुढं दिवा लावायची, सुकेशनीकडं फोटोपुढं मेणबत्ती. घराला माणसाचा वास लागला पाहिजे, असं तिचं म्हणणं. नाहीतर घर रुसतं आणि त्याची भिंत सुटते.

आणि तोट्या. बंद घराच्या नळाची पितळी तोटी भंगारवाल्याकडं जायला आठवडा लागत नाही, हे टेकावरच्या लोकांनी दोन-चार हंगाम सोसून शिकलेलं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी केशरबाई सुग्रीवचा पान्हा घेऊन घरोघर फिरायची. तोटी काढायची, तिलाही तीच चिंधी बांधायची, आणि पत्र्याच्या डब्यात टाकायची. उघड्या पाइपात बाभळीची खुंटी सुती फडक्यात गुंडाळून ठोकायची. पाणी आलं की फडकं भिजतं, लाकूड फुगतं, आणि पाइप असा घट्ट बसतो की थेंब बाहेर येत नाही. ही तिची स्वतःची हिकमत. कुठल्या साहेबाकडून शिकलेली नव्हती, आणि तिला तिचा अभिमान होता.

पाडव्याच्या सुमाराला गल्ली परत यायची. प्रत्येक घरातून पायलीभर ज्वारी, दोन घरांत मिळून एक लुगडं, आणि चार शब्द, "मावशी, तू होतीस म्हणून." ज्वारी चार महिन्यांत संपायची. त्या चार शब्दांवर बाई वर्ष काढायची.

मग मीटर आलं.

उन्हाळ्यात, गल्ली गावात असताना, कंपनीची पोरं आली आणि प्रत्येक घराच्या भिंतीला निळा डबा बसवून गेली. आधी वर्षाची एकच ठरलेली पाणीपट्टी होती. पाणी आठव्या दिवशी येवो की दहाव्या, पट्टी तीच. आता म्हणे जेवढं वापराल तेवढंच भराल. मीटर आपलं आपण आकडा पाठवणार, बिल मोबाइलवर येणार. पाणी खात्याचा कारकून श्रीशैल पोरांबरोबर फिरत होता. केशरबाईनं त्याला विचारलं, "कायरं श्रीशैल, ह्या डब्याचं पैसं कोन देनार?"

"फुकट हाय मावशी. शासनाचं हाय."

"शासनाचं म्हनल्यावर मला भ्याच वाटतंय बघ."

हसला तो. पोरगा वाईट नव्हता. त्याची आई सिद्धम्मा दर हिवाळ्यात केशरबाईकडूनच वाकळ शिवून घ्यायची. पण पहिलं बिल आलं त्यात पाण्याचे लिटर वेगळे, मीटरचा हप्ता वेगळा, आणि 'मासिक सेवाशुल्क' नावाचं तिसरंच काहीतरी वेगळं. डबा फुकट, पण डब्याकडं बघायचे पैसे. गल्लीनं कुरकुर केली आणि भरलं. कारण पाणी तोडलं तर टेकावर हापसा एकच, तोही फेब्रुवारीपासून कोरडा. दसरा झाला, ट्रक आले, गल्ली निघून गेली.

पौषात एका दुपारी सुकेशनीचा फोन आला. सुकेशनी दहावी शिकलेली, गल्लीतल्या बायकांत सगळ्यात तिखट. केशरबाई तिच्यावर पोटच्या पोरीसारखी माया करायची. फडातून बोलत होती. मागं कोयत्यांचा आवाज.

"मावशी, गल्लीत पाव्हनं-रावळं आलंय का कोनी?"

"कोन येतंय माय. कुत्रं बी फिरकंना. कामून?"

"मग आमच्या घरात कोन राह्यलंय?"

"आं?"

"मेसेज आलाय मोबाइलवर. सव्वासहा हजार लिटर म्हनं. मागल्या महिन्यात बी तेवढंच. मावशी, आमी हितं सहा मानसं एका ड्रमात आंघोळ करायलोत, आन् तिकडं आमच्या घरात टँकर रिकामा व्हायलाय."

केशरबाईला हसू आलं. "मशीन येडं झालं आसंल. खुंटी ठोकलीय म्या माझ्या हातानं."

सुकेशनी हसली नाही. "बघ जरा," एवढंच म्हणाली. फोन ठेवल्यावर केशरबाईच्या ध्यानात आलं, पोरीनं "जेवलीस का" विचारलं नव्हतं.

चार दिवसांत पाच फोन आले. सगळ्यांना मेसेज, सगळ्यांचे आकडे तसलेच. दगडाबाईच्या नवऱ्यानं तर सरळच विचारलं, "मावशे, खालच्या आळीत घरकुलांची बांधकामं चालू हायत म्हनं. त्यान्ला पानी कोन देतंय?"

ह्या बाईनं अकरा वर्षांत कुणाच्या घरातली काडीपेटीची काडी उचलली नव्हती. फोन कानाला धरून ती तशीच उभी राहिली. माणसाला चोर म्हणायला फार काही लागत नाही. मोबाइलवर आलेला एक आकडा पुरतो. आकडा खोटं बोलत नाही, असं आपल्याला शाळेत शिकवलंय ना!

त्यातच श्रीशैल नोटीस घेऊन आला. अकरा बंद घरांना अकरा नोटिसा, सगळ्यांची पोच केशरबाईकडं. घर बंद असताना पाणी वापरलं गेलं, म्हणजे विनापरवाना वापर; एकवीस दिवसांत खुलासा द्या, नाहीतर जोडणी तोडू.

"मावशी, किल्ल्या तुज्याकडं हायत," तो पायाकडं बघत म्हणाला.

"मग?"

"मग सायेब म्हनत्यात, किल्ली जिच्याकडं तिलाच ठाव."

"आन् तू काय म्हनतोस?"

"माझ्या म्हनन्याला कोन विचारतंय."

"तुझ्या आईला विचार जाऊन. म्हनावं, तुझ्या वाकळंतला कापूस तरी केशरबाईनं कधी खाल्ला का?"

श्रीशैल अकरा पोचींवर तिचा अंगठा घेऊन गेला.

पुढचं पाणी मंगळवारी दुपारी होतं. वॉल्व्हवाल्याला विचारून केशरबाई अकरा वाजताच सुकेशनीच्या घरात जाऊन बसली. आधी बाहेर येऊन मीटरचा आकडा बघितला. अक्षरं येत नसली तरी आकडे तिला येतात. ऊस तोडणाऱ्याला काट्यावरच्या पावत्यांनी तेवढं शिकवलेलं असतं. सदतीस हजार दोनशे चाळीस.

बाराला गल्लीत खालून सुस्कारा आला. टेकावर राहणाऱ्याला हा आवाज पाठ आहे. आठ दिवस रिकामी पडलेली लाइन. वॉल्व्ह उघडला की पाणी खालच्या आळीत शिरतं आणि लाइनीत कोंडलेला वारा पुढं ढकलत ढकलत टेकावर आणतं. आधी वारा, मग खूप वेळानं पाणी. टेकावरची माणसं नळ उघडाच ठेवतात, तो त्याच्यासाठीच. फुसफुस ऐकू आली की हातातलं काम टाकून घागरी मांडायच्या. पिढ्यान् पिढ्या ही फुसफुस म्हणजे पाण्याची दवंडी.

खुंटीच्या कडेनं फुसफुस सुरू झाली. आठ दिवसांत फडकं वाळून कोरडं खडखडीत झालेलं, लाकूड आकसलेलं. केशरबाईनं हात लावला. गार वारा. खाली जमीन कोरडी, थेंब नाही. ती कमरेवर हात देत बाहेर आली, मीटरकडं बघितलं आणि तिथंच भिंत धरली.

आकडे पळत होते.

सदतीस हजार सहाशे. आठशे. अडतीस हजार. आत पळत गेली, कोरडं. बाहेर आली, अडतीस हजार तीनशे. पाऊण तास ती बाई त्या मोडक्या कमरेनं आत-बाहेर करत राहिली. मग लाइनीत गडगड झाली, पाणी आलं, खुंटीभोवतीचं फडकं काळं पडलं, फुगलं, दोन थेंब गळले आणि बंद. बाहेर येऊन बघते तर मीटर थांबलेलं. अडतीस हजार आठशे पाच.

वारा होता तोवर मीटर पळत होतं, आणि पाणी आलं तसं थांबलं. नगरपंचायतीनं दीड हजार लिटर वारा विकला होता.

आधी तिला आनंद झाला. घरात एकटीच होती, तरी मोठ्यानं बोलली, "घ्या! कोन म्हनतंय चोर?" आणि मग खुंटीकडं बघता बघता तिचा चेहरा उतरला. तोटी असती, घट्ट बंद असती, तर वारा पुढं सरकलाच नसता. आकडा हललाच नसता. तोटी काढली कुणी? खुंटी ठोकली कुणी? अकराच्या अकरा घरांत, स्वतःच्या हातानं, मोठ्या शहाणपणानं. चोराला तोटी नको म्हणून तिनं वाऱ्याला वाट करून दिली होती.

पुढच्या पाण्याला तिनं श्रीशैलला ओढून आणलं. खुंटी काढली, खताच्या गोणीतली प्लास्टिकची पिशवी पाइपाच्या तोंडाला सुतळीनं आवळली. वारा आला आणि पिशवी फुगली, टम्म, मेलेल्या जनावराच्या पोटासारखी. बाहेर मीटर पळत होतं. श्रीशैल पिशवीकडं बघत राहिला.

"दिसतंय का?"

"दिसायलंय मावशी."

"मग लिही की."

"कुठं लिहू? आमच्या फारमात पानी हाय, गळती हाय, चोरी हाय. वाऱ्याचा रकानाच न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक करता येईल. दर समिती येनार हाय गावात, महिन्याभरानं. मीटरपायी लोकांकडून किती घ्यायचं, काय घ्यायचं, ते त्यांच्या हातात असतंय. सेवाशुल्क वाढवून पायजे म्हनून आमीच दरखास्त दिलीया. बंद घराला बी लावायचं म्हनत्यात. त्यांच्याफुडं हरकत घे. नोटिशीवर बी मी तवर थांब म्हनून लिहितो."

हरकत लेखी पाहिजे. केशरबाई शिवलिंगअप्पाच्या किराणा दुकानात गेली. अप्पानं उधारीच्या वहीचं कोरं पान फाडलं आणि वळणदार अक्षरात सगळं लिहून दिलं. लिहिताना दोनदा "काय हरामखोरी हाय" म्हणाला. त्याच्याही बिलात वारा होता, हे त्याला लिहिता लिहिताच कळलं.

"मग अप्पा, खाली तुमची बी सही करा की."

अप्पानं पेनाचं टोपण लावलं. "बाई, दुकानाचा गाळा नगरपंचायतीचा हाय. लिहून देतो, हे काय कमी झालं का?"

तिचा एकटीचा अंगठा उठला. गावात चार हजार जोडण्या. नोटीस बोर्डावर हरकतींची सूचना एकवीस दिवस लावलेली होती, बारीक अक्षरात, लग्नाच्या दाखल्याच्या कागदाखाली अर्धी झाकलेली. चहाच्या टपरीवर रोज पाणीपुरवठ्याची आई-बहीण काढणारे शंभर मर्द होते. एकानंही कागद दिला नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी श्रीशैल येऊन ओसरीवर बसला.

"मावशी, उद्या बोल, पन तोट्यांचं बोलू नको."

"कामून?"

"तोटी काढनं म्हंजे जोडनीत फेरफार. कायद्यात बसत न्हाई. तुझ्याच तोंडानं कबूल केलंस तर त्येच धरून बसतील. तू निस्तं म्हन, मीटर येडं हाय."

"निस्तं येडं म्हनल्यावर इचारतील ना, बंद नळातून वारा गेला कसा?"

श्रीशैल वाकळेचा कोपरा सारखा करायला लागला.

"म्हंजे तोटीचं न्हाई सांगितलं तर मी चोर. सांगितलं तर मी गुन्हेगार. व्हय ना?"

"तसंच काईतरी."

"चोर व्हायाचं न्हाई मला," केशरबाई म्हणाली आणि वाकळेचा टाका घालायला लागली. तो गेल्यावर तिला समजलं की टाका उलट्या बाजूनं घातलाय. सगळा उसवला.

सुनावणी नगरपंचायतीच्या सभागृहात झाली. चाळीस खुर्च्या मांडलेल्या. समितीचे तिघे, कंपनीचे दोघे, मुख्याधिकारी, शिपाई, श्रीशैल कोपऱ्यात उभा, आणि पहिल्या रांगेत एकटी केशरबाई, मांडीवर पत्र्याचा डबा आणि प्लास्टिकची पिशवी. बाकी खुर्च्या पंख्याखाली वारा खात बसल्या होत्या.

कंपनीच्या माणसानं पडद्यावर चित्रं दाखवली. मीटर कसं अचूक आहे, गळती किती कमी झाली, डब्याची बॅटरी, सिम, देखभाल, म्हणून सेवाशुल्क वाढवणं कसं भाग आहे. बंद घरातलं मीटरही आकडा पाठवतच असतं, म्हणून बंद घरालाही ते लागू. समितीचे अध्यक्ष, निवृत्त अधिकारी, मान हलवत होते. मग म्हणाले, "आजी, बोला. घाबरू नका."

"घाबरत न्हाई सायेब. मला निस्तं येवढं सांगा, वाऱ्याला लिटरमागं काय दर लावलाय तुमी?"

शिपाई हसला. अध्यक्षही हसले, पण चांगले हसले. म्हणाले, "नीट सांगा."

तिनं नीट सांगितलं. आठव्या दिवसाचं पाणी, आधी येणारा वारा, पाऊण तास, आकडे, पिशवी. एक आकडा चुकली नाही. शेवटी म्हणाली, "ह्या अकरा घरांत मानूस न्हाई म्हनून वारा उघडा पडला, सायेब. ज्या घरात मानसं हायत तिथं पानी आन् वारा एकातएक मिसळून बिल येतंय, तिथं कुनाला कळनार? समद्या गावाच्या बिलात वारा हाय. आदी त्येचा हिशोब करा, मग डब्याचं भाडं वाढवा."

कंपनीच्या दोघांतला धाकटा पुढं वाकला. गुळगुळीत आवाज. "आजी, पण नळ बंद असेल तर हवा पास होणारच नाही. त्या नळांना तोट्या होत्या का?"

कोपऱ्यातून श्रीशैल तिच्याकडं बघत होता. केशरबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही. तिनं डबा उघडून टेबलावर ठेवला. अकरा पितळी तोट्या, अकरा चिंध्या.

"न्हवत्या. म्या काढल्या. चोरी होती म्हनून. दर साली काढते."

"तुम्ही स्वतः?"

"म्या सोता. ह्या हातानं."

पेनं कागदावर पळाली, एकाच वेळी चार. आकड्यांना कुणी पेन लावलं नव्हतं, पिशवीला नाही. ह्या वाक्याला सगळ्यांनी लावलं. अध्यक्ष "बरं" म्हणाले आणि चहा आला. तिलाही दिला. डब्याची पोच मात्र कुणी दिली नाही. तो तिनं उचलून घरी आणला.

निकाल फाल्गुनाच्या शेवटी लागला, आणि त्याच आठवड्यात गल्ली परत आली.

पहिली सुकेशनी आली. घरी न जाता ती नगरपंचायतीतून निकालाची झेरॉक्स घेऊन थेट केशरबाईच्या ओसरीवर आली. अंगावर फडाची धूळ, हाताला कोयत्याचे घट्टे. नवरा मागं बोचकी घेऊन उभा. सुकेशनीनं मोठ्यानं वाचलं, थांबत थांबत, शाळेत वाचतात तसं.

"सदर हरकतदार महिलेने नळजोडणीच्या तोट्या स्वतः काढल्याचे समितीसमोर मान्य केले आहे. जोडणीत विनापरवाना बदल केल्यामुळे वाढीव नोंदीस मीटर जबाबदार धरता येणार नाही. नगरपंचायतीने अकरा जोडणीधारकांवर नियमानुसार दंडाची कारवाई करावी. पाइपातील हवेबाबतचा मुद्दा तांत्रिक असून त्याची नोंद घेण्यात आली."

"फुडं?" केशरबाईनं विचारलं.

"एकूण चार हजार एकशे जोडण्यांपैकी केवळ एक हरकत प्राप्त झाली. सबब ग्राहकांचा व्यापक विरोध दिसून येत नाही. प्रस्तावित सेवाशुल्क, बंद घरांसह, मंजूर."

सुकेशनीनं कागदाची घडी घातली. तिचा नवरा बोचकी खाली ठेवून म्हणाला, "झालं? आधी निस्तं बिल व्हतं. आता दंड बी. मावशी, कुनी सांगितलं व्हतं शानपना?"

"तुमी जरा गप बसा," सुकेशनी म्हणाली. मग केशरबाईसमोर खाली बसली. "मावशी, तू पानी इकलं न्हाईस. मला पयल्यापासून ठाव व्हतं."

"मग फोनवर कामून म्हनली न्हाईस?"

सुकेशनीनं मान खाली घातली. म्हणाली, "पन तू बोललीस कशाला गं? आमी भरलं असतं बिल. ऊस तोडून भरलं असतं. आता तुझ्या एका बोलन्यानं अकरा घरं गुन्हेगार झाली."

"न बोलता चोर राहू व्हय?"

"आमच्यासाठी राह्यली असतीस तर काय झालं असतं?"

हे ती रागानं नाही बोलली. रागानं बोलली असती तर केशरबाईनं दोन शिव्या देऊन जागा दाखवली असती. थकलेल्या माणसाच्या आवाजात बोलली, आणि हात पुढं केला. केशरबाईनं निळ्या चिंधीची किल्ली तिच्या हातावर ठेवली. "तू होतीस म्हणून" कुणी म्हणालं नाही.

पुढच्या दोन दिवसांत बाकीच्या दहा किल्ल्या गेल्या. केशरबाई पान्हा घेऊन घरोघर फिरली. खुंट्या उपटल्या, तोट्या बसवल्या, आटे घट्ट पिळले. कुणी भांडलं नाही. दगडाबाईनं दाराआडून "बसवली का?" विचारलं आणि दार लोटून घेतलं. अकराव्या घरी पान्हा घसरून तिच्या अंगठ्याचं नख उलटं झालं. घरात चार माणसं होती. रक्त बघून कुणी हळद आणली नाही. तिनं पदराचा कोपरा फाडून बांधला आणि घरी आली.

श्रीशैलनं दंडाचा कागद दोन आठवडे टेबलाखाली दाबून ठेवला, मग त्याला जिंतूरच्या बाजूला बदलून टाकलं. नवा आला त्यानं एका दिवसात अकराही घरांना कागद वाटले. लोकांनी भरले. यंदा दसऱ्याला गल्ली निघाली तेव्हा प्रत्येकानं भंगारातून लोखंडी टोपण आणून स्वतःच पाइपाला पिळलं. किल्ल्या कुणी भावाकडं ठेवल्या, कुणी बरोबर नेल्या. केशरबाई ओसरीवर बसून वाकळ शिवत होती. ट्रक सुटला तेव्हा सुकेशनीनं वरून एकदा बघितलं. हात हलवला की पदर सारखा केला, ते केशरबाईला नीट दिसलं नाही.

अकरा घरं आता अमावस्येला उघडत नाहीत. दोन घरांच्या भिंतींना चिरा पडल्यात. ती येता-जाता बघते. किल्ली नाही, तर काय करणार. बंद घरांचं सेवाशुल्क मात्र महिन्याच्या महिन्याला फडात पोचतं, मोबाइलवर टिंग वाजवून. आणि टेकाखालच्या तुमच्या-आमच्या घरात, जिथं माणसं राहतात, तिथं अजूनही पाण्यात वारा मिसळून बिल येतंय, आणि आपण ते पाणी समजून भरतोय.

केशरबाई चुकली असेल. तोटी तिनं काढली, हे खरं. पण त्या कागदावर तिला जे बुडवून गेलं, ते तोटीचं वाक्य नव्हे. 'केवळ एक हरकत प्राप्त झाली', ते वाक्य. ते तिनं लिहिलेलं नाही. ते टपरीवाल्यांनी, गाळेवाल्यांनी, घरी बसलेल्यांनी, न लिहून लिहिलेलं आहे.

म्हणून हे वाचून हळहळू नका, हळहळीला कुठल्याच फारमात रकाना नाही. तुमच्या गावात पाण्याच्या मीटरचे दर ठरवायला समिती बसणार असेल, तर उद्याच नगरपंचायतीत जा, बोर्डावरचे वरचे कागद बाजूला सारून ती बारीक अक्षरातली सूचना शोधा, आणि मुदत संपायच्या आत एक ओळ तरी लिहून द्या: माझ्या बिलातला वारा मोजून वेगळा करा. खाली सही करा. तुमची स्वतःची, पुऱ्या नावाची.